उंदरांच्या मेंदूतला जुनाट टॉक्सोप्लाझ्मा: औषधांच्या जोड्या कशा तपासायच्या

वीस पटीच्या भिंगाखाली मेंदूचा पातळ लगदा पाहिला की आधी नुसता गाळ दिसतो: चरबीचे थेंब, तुटक्या पेशी, रक्तवाहिन्यांचे तुकडे. डोळा सरावला की त्यातच एक काटेकोर गोल उठून दिसतो. कडा चकचकीत, पोटात दाणे खच्चून भरलेले. हा टॉक्सोप्लाझ्मा गोंडी या एकपेशीय परजीवीचा सिस्ट, म्हणजे भिंतीआड दडलेल्या परजीवींची गाठ. त्यातला प्रत्येक दाणा म्हणजे एक जिवंत ब्रॅडिझोइट, परजीवीचं संथ रूप, आणि मोठ्या सिस्टमध्ये असे हजारावर मावतात. औषध दिलेल्या उंदरांत हे गोल कमी दिसले की हुरूप येतो. मलाही आला होता. नंतर त्याच मेंदूंचा लगदा निरोगी उंदरांना पाजला, महिन्याभराने त्यांचं रक्त तपासलं आणि जवळजवळ सगळ्यांना लागण झालेली निघाली. सिस्ट घटले होते. उरले होते ते पुरेसे होते.

हा लेख त्या फरकाबद्दल आहे. दोन औषधं एकत्र दिल्यावर मेंदूतला जुना संसर्ग खरंच संपतो का, की फक्त मोजणीत कमी दिसतो? प्रयोगाची रचना अशी हवी की या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तरही स्वच्छ मिळेल. परजीवीशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. इतरांनाही वाचायला हरकत नाही. गरोदरपणातली ‘टॉर्च’ तपासणी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि त्या नावातला पहिला ‘टी’ याच परजीवीचा.

शत्रूची दोन रूपं

१९०८ मध्ये ट्युनिसला निकोल आणि मॉन्सो यांना हा परजीवी गुंडी नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. लैंगिक प्रजनन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. उंदीर, मेंढी आणि माणूस हे मधले यजमान. या मधल्या यजमानांत त्याची दोन रूपं असतात. टॅकिझोइट भराभर वाढतो, पेशी फोडतो आणि आजार घडवतो. शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की उरलेले परजीवी ब्रॅडिझोइट बनून स्नायूंत आणि मेंदूच्या चेतापेशींत भिंत बांधून बसतात. एड्सच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती ढासळली की हेच सिस्ट फुटून मेंदूचा दाह होतो.

पायरिमेथामाइन आणि सल्फाडायझिन ही जोडी आजही उपचाराचा कणा आहे. दोन्ही औषधं परजीवीच्या फोलेटच्या वाटेवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालतात, आणि एकत्र दिली की परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो, हे आइल्स आणि कोलमन यांनी १९५३ मध्ये उंदरांवरच दाखवलं. मात्र हा घाव टॅकिझोइटवर पडतो. सिस्ट तसेच राहतात, म्हणून प्रतिकारशक्ती परत येईपर्यंत रुग्णाचे उपचार चालू ठेवावे लागतात. आपण शोधतो आहोत ती जोडी सिस्टपर्यंत पोहोचणारी हवी.

ब्रॅडिझोइट ‘झोपलेले’ असतात असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. केंटकी विद्यापीठातल्या अँथनी सिनाई यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की सिस्टच्या आतही ते विभाजित होत असतात, फक्त संथपणे आणि सगळे एकाच वेळी नाही. औषधाच्या दृष्टीने ही आशेची बातमी आहे, आणि उपचार किती दिवस द्यायचे याचं उत्तरही त्यातच दडलं आहे. चार दिवसांच्या उपचारात तुम्हाला फक्त त्या चार दिवसांत जागे असलेले परजीवी सापडतील.

परवानगी आणि स्वतःची काळजी

भारतात काम करायचं तर प्राणिगृह सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीकडे नोंदलेलं हवं. पूर्वी याच समितीला सीपीसीएसईए म्हणत. प्रस्ताव फॉर्म बी भरून संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे जातो. पाया १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा आणि १९९८ च्या नियमांचा. समिती ‘इतकेच उंदीर का?’ असं विचारते, तो प्रश्न अडवणुकीचा समजू नका. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर प्रयोगाची आखणीच अपुरी आहे.

काम जैवसुरक्षा पातळी दोनचं. सुरुवातीलाच प्रत्येकाची प्रतिपिंडांची तपासणी करून रक्ताचा एक नमुना गोठवून ठेवा, म्हणजे पुढे सुई टोचलीच तर तुलनेला आधार राहील. गरोदर असलेल्या किंवा गरोदर राहण्याचा विचार करत असलेल्या सहकारी, तसंच प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणीही, या कामापासून दूर राहिलेलं बरं. सिस्टचा लगदा सुईतून ओढताना चष्मा लावाच, कारण डोळ्यात उडालेला एक थेंबही पुरतो. मांजरासारखी ऊसिस्ट, म्हणजे परजीवीची अंड्यासारखी रूपं, उंदराच्या विष्ठेतून पडत नाहीत, त्यामुळे शेजारच्या पिंजऱ्याला धोका नाही. पण मेलेला उंदीर पिंजऱ्यात राहिला तर बाकीचे त्याला कुरतडतात आणि संसर्ग तसा पसरतो. म्हणून रोज सकाळी आणि संध्याकाळी पाहणी हवी, रविवार असो की दिवाळी.

कुठला उंदीर, कुठला वाण

परजीवीचा आरएच वाण उंदरांना काही दिवसांत मारतो, त्यामुळे जुनाट संसर्गासाठी तो निरुपयोगी आहे. ‘टाइप २’ या प्रकारातले एमई४९ किंवा प्रुनियो वाण घ्या. एमई४९ मुळात कॅलिफोर्नियातल्या मेंढीपासून मिळवलेला. वाण उंदरांतून फिरवत राहा. फक्त पेशींच्या बाटल्यांत वर्षानुवर्षं वाढवलेला वाण सिस्ट बांधण्याची सवयच हळूहळू सोडतो.

उंदराची जात ठरवताना घाई नको. बॅल्ब-सी या जातीत एलडी नावाचं जनुक असतं, त्यामुळे मेंदूतला संसर्ग आटोक्यात राहतो. प्राणी महिनोन्महिने धडधाकट राहतात, सिस्ट मात्र कमी असतात. सी५७ ब्लॅक-६ मध्ये सिस्ट भरपूर, पण दाहही जास्त आणि मृत्यूही. सीबीए जातीत सिस्टची संख्या चांगली मिळते, म्हणून अनेक जण वाण राखायला तीच वापरतात.

जातीची निवड उत्तरच बदलू शकते. ग्वानाबेन्झ हे रक्तदाबाचं जुनं औषध. इंडियाना विद्यापीठातल्या बिल सुलिव्हन यांच्या गटाने त्याने बॅल्ब-सी उंदरांतले सिस्ट घटतात असं दाखवलं. मग २०१९ मध्ये त्याच गटाला सी५७ ब्लॅक-६ मध्ये सिस्ट वाढलेले दिसले. तरीही दोन्ही जातींत संसर्गामुळे आलेली अतिचळवळ औषधाने शमली, कारण मेंदूतला दाह कमी झाला होता. सिस्टची संख्या आणि प्राण्याची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून ठळक होतं. आशादायक जोडी दोन जातींत तपासल्याशिवाय तिच्याबद्दल मोठं बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

उंदरापर्यंत जाण्याआधी

प्रत्येक जोडी थेट उंदरांवर तपासणं प्राण्यांवर अन्याय आहे. आधी पेशींत चाळणी लावा. बुद्धिबळाच्या पटासारखी ९६ खड्ड्यांची प्लेट: आडव्या ओळींत एका औषधाच्या चढत्या मात्रा, उभ्या ओळींत दुसऱ्याच्या. प्रत्येक औषधाची एकत्र असतानाची प्रभावी मात्रा भागिले एकट्याची प्रभावी मात्रा, आणि दोन्हींची बेरीज. ती ०.५ किंवा त्याहून कमी आली तर सहक्रिया (दोघांचा मिळून बेरजेपेक्षा जास्त परिणाम), ४ च्या वर गेली तर विरोध, मधलं सगळं तटस्थ. ०.७ आलं की ‘थोडीशी सहक्रिया’ म्हणायचा मोह होतो. तो टाळा.

सल्फा औषध तपासत असाल तर पेशींचं माध्यम नीट बघा. आरपीएमआय-१६४० मध्ये लिटरला १ मि.ग्रॅ. पाबा असतो, आणि पाबा हा फोलेट बनवायचा कच्चा माल हाच सल्फाचा प्रतिस्पर्धी. त्या माध्यमात सल्फाडायझिन अकारण लंगडं पडतं आणि चांगली जोडी चाळणीतच वगळली जाते. डीएमईएम या दुसऱ्या माध्यमात पाबा नसतो.

टॅकिझोइटवर जमलेली जोडी ब्रॅडिझोइटवरही पाहायला हवी. माध्यमाचा पीएच ८ च्या वर आणि कार्बन डायऑक्साइड हवेइतकाच ठेवला की परजीवी सिस्टकडे वळतात. हे सिस्ट कोवळे असतात आणि मेंदूतल्या मुरलेल्या सिस्टची सर त्यांना येत नाही, पण चाळणीपुरते चालतात.

आता मेंदूचा पडदा, म्हणजे रक्त आणि मेंदू यांमधली गाळणी. रक्तात भरपूर असलेलं औषध मेंदूत पोहोचेलच असं नाही. अटोव्हाकोन हे उत्तम उदाहरण. परजीवीच्या मायटोकाँड्रियातल्या बीसी-१ संकुलावर ते जबरदस्त काम करतं, पण रक्तात ९९ टक्क्यांहून अधिक प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि मेंदूच्या द्रवात फारच थोडं उतरतं. म्हणून मेंदूतलं एकूण औषध मोजून थांबू नका. मोकळं किती आहे ते काढा, कारण परजीवीला लागतं ते तेवढंच. मेंदू काढण्याआधी हृदयातून सलाइन सोडून रक्त धुऊन काढा, नाहीतर केशवाहिन्यांतल्या रक्तातलंच औषध मेंदूतलं समजून मोजाल.

हे मोजमाप तीन गटांत करा: फक्त पहिलं औषध, फक्त दुसरं, आणि दोन्ही. याचं कारण असं की एक औषध यकृतातलं दुसऱ्याचं विघटन रोखू शकतं. मग एकत्र दिल्यावर दुसऱ्याची रक्तातली पातळी दुप्पट होते, परिणाम वाढतो आणि त्यालाच आपण सहक्रिया म्हणून बसतो. खरं तर दुसरं औषध एकटंच दुप्पट मात्रेत दिलं असतं तरी तेच झालं असतं. या छोट्या अभ्यासाला प्रत्येक वेळेला तीन उंदीर पुरतात. पुढचा शंभर उंदरांचा प्रयोग वाया जाण्यापासून तो वाचवतो.

लागण

सिस्ट असलेल्या दात्या उंदराचा मेंदू १ मि.लि. फॉस्फेट बफरमध्ये घ्या आणि १८, २० आणि २२ गेजच्या सुयांतून क्रमाने ओढून लगदा करा. सिस्ट मोजून असं पातळ करा की २०० मायक्रोलिटरमध्ये सरासरी १० सिस्ट येतील, आणि तेवढं तोंडावाटे गॅव्हेजने, म्हणजे थेट जठरात सोडणाऱ्या सुईने, द्या. सी५७ ब्लॅक-६ मध्ये हात आखडता ठेवा. शंभरेक सिस्ट दिले तर आतड्याच्या भयंकर दाहाने ते आठवड्या-दोन आठवड्यांत मरतात.

सिस्ट जड असतात, नळीच्या तळाशी बसतात. प्रत्येक उंदराआधी नळी हलक्या हाताने उलटसुलट करा, नाहीतर पहिल्या पिंजऱ्याला तीन आणि शेवटच्याला तीस जातील. नीट ढवळूनही ‘सरासरी १०’ याचा अर्थ कुणाला ६, कुणाला १४. ही तफावत नशिबाची आहे, टाळता येत नाही. म्हणूनच कुठला उंदीर कुठल्या गटात, हे लागण करताना ठरवायचं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात उंदीर मलूल होतात, केस उभे राहतात, वजन घटतं. भिजवलेलं खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, कारण आजारी उंदीर मान उंचावून जाळीतलं खाद्य खात नाही. सुरुवातीच्या वजनाच्या २० टक्के घट, किंवा पाठ वाकवून कोपऱ्यात बसलेला आणि हात लावूनही न हलणारा उंदीर: या खुणा आधीच लिहून ठेवा. त्या दिसल्या की प्राण्याला वेदनारहित मरण द्या. ‘उद्यापर्यंत बघू’ नको.

तिसऱ्या आठवड्यात शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन प्रतिपिंडं तपासा. ज्यांना लागणच झाली नाही त्यांना बाजूला काढा. असा एक जरी उंदीर औषधाच्या गटात राहिला तर त्याचा शून्य औषधाच्या खात्यात जमा होतो.

गट पाडणं: प्रयोगाचं खरं हृदय

औषध पाचव्या आठवड्यापासून सुरू करा. दहाव्या दिवशी सुरू केलंत तर तुम्ही सिस्ट बनू न देण्याची ताकद मोजाल, बनलेले सिस्ट मारण्याची नाही. ‘जुनाट संसर्गावर परिणाम’ असा मथळा असलेल्या पुष्कळ कामांत ही गल्लत झालेली असते.

किमान चार गट हवेत: फक्त व्हेइकल (औषध कालवायचा द्रव, औषधाशिवाय), पहिलं औषध, दुसरं औषध, दोन्ही. दोन औषधांची व्हेइकल वेगळी असतील, म्हणजे एक मिथाइलसेल्युलोजमध्ये आणि दुसरं पीईजीत, तर प्रत्येक उंदराला दोन्ही व्हेइकल मिळाली पाहिजेत. नाहीतर जोडीच्या गटाला दिवसातून दोनदा गॅव्हेज, बाकीच्यांना एकदा, आणि त्या ताणाचा परिणाम औषधाच्या नावावर खपतो.

यात पाचवा गट घाला, आणि खर्च वाचवायला तो कधीच गाळू नका: उपचार सुरू होण्याच्या दिवशीच मेंदू काढायचा गट. सिस्टची संख्या पाचव्या आठवड्यानंतरही बदलत राहते. शेवटी व्हेइकलच्या गटात ८०० आणि औषधाच्या गटात ४०० दिसले तर औषधाने अर्धे मारले, की ४०० वरच वाढ रोखली? सुरुवातीचा आकडा हातात नसेल तर सांगता येणार नाही. सहावा छोटा गट, संसर्ग नसलेल्या पाच उंदरांचा, जोडीचं विषारीपण बघायला. पायरिमेथामाइन असेल तर त्यांच्या रक्तपेशी मोजाच, कारण हाडांच्या मगजावर त्याचा भार पडतो. माणसांत त्यासाठी फोलिनिक ॲसिड देतात.

आता संख्या. इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून आकडे मांडूनच सांगते. समजा पहिल्या औषधाने सिस्ट ६० टक्के घटतात आणि दुसऱ्याने ५० टक्के. दोन्ही एकमेकांच्या वाटेला न जाता काम करत असतील तर उरतील ०.४ गुणिले ०.५, म्हणजे ०.२. घट ८० टक्के. जोडीने ८० टक्के घट दिसली तर ती सहक्रिया नव्हे, साधा गुणाकार आहे. सहक्रिया म्हणायला त्याहूनही कमी उरायला हवेत, समजा निम्मेच, म्हणजे १० टक्के. एका गटात उंदरा-उंदरांतली तफावत (प्रमाण विचलन) सरासरीच्या ६० टक्के धरा, जी या संसर्गात अगदी रोजची आहे. दोन गटांत दुपटीचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला गटाला १० उंदीर लागतात. पण गुणाकाराच्या अपेक्षेपेक्षा दुपटीने चांगलं, हे तितक्याच खात्रीने सांगायला चारही गटांत प्रत्येकी २०. म्हणजे २० उंदरांचं काम ८० वर जातं.

म्हणून आधी स्वतःला विचारा की सहक्रिया सिद्ध करायची गरज आहे का. रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे: ही जोडी तिच्यातल्या सर्वोत्तम एकट्या औषधापेक्षा चांगली आहे का? त्याला गटाला दहा-बारा पुरतात. माझा कल इकडेच आहे. सहक्रियेचं सूक्ष्म गणित पेशींच्या प्लेटवर सोडवा. उंदरांना तोच प्रश्न विचारा ज्याचं उत्तर फक्त उंदीर देऊ शकतात.

वाटणी संगणकाने चिठ्ठ्या टाकून करा, वजनाचे थर पाडून. उंदीर विष्ठा खातात, त्यामुळे एकाच पिंजऱ्यात औषधाचे आणि व्हेइकलचे उंदीर ठेवले तर व्हेइकलवाल्यालाही थोडं औषध मिळतं. मी पूर्ण पिंजरा एकाच गटाचा ठेवते, पण प्रत्येक गटाचे पिंजरे अनेक आणि मांडणीवर वर-खाली विखुरलेले. पुढे विश्लेषणात पिंजऱ्याचाही हिशेब धरते.

औषध देणं आणि मग न देणं

सल्फाडायझिन पिण्याच्या पाण्यातून देता येतं, लिटरला ४०० मि.ग्रॅ. ही रूढ मात्रा. सोय मोठी, पण एकदा त्याने मला तीन आठवडे फसवलं. बाटल्यांचं वजन रोज घटत होतं, मी समाधानाने नोंदी करत होते. एका सकाळी एका पिंजऱ्याचा भुसा हाताला ओला लागला. तोटीतली गोळी अडकून पाणी ठिबकत होतं. किती पोटात गेलं आणि किती भुश्यात, याचा पत्ता नव्हता. तो पिंजरा विश्लेषणातून काढावा लागला. आता शेजारी उंदीर नसलेल्या रिकाम्या पिंजऱ्याला एक बाटली लावते आणि तिची गळती रोज वजा करते. शिवाय आजारी उंदीर पाणी कमी पितो, म्हणजे ज्याला औषधाची गरज जास्त त्यालाच ते कमी जातं. जोडीच्या प्रयोगात गॅव्हेजच बरं: किलोला १० मि.लि., म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मि.लि., टोकाला गोळी असलेल्या २० गेजच्या सुईने. वजन रोज करा आणि मात्रा त्यावर ठरवा. औषध कालवणाऱ्या व्यक्तीने नळ्यांवर फक्त रंग लावावेत, देणाऱ्याला आत काय आहे ते कळू नये.

उपचार दोन ते चार आठवडे. ओरेगॉन हेल्थ अँड सायन्स विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये ईएलक्यू-२७१ आणि ईएलक्यू-३१६ या संयुगांनी जुनाट संसर्गात मेंदूतले सिस्ट ७६ ते ८८ टक्के घटवले होते. तुमची जोडी मोजायला ही चांगली पट्टी आहे. एकट्या संयुगाने इथवर मजल गेली आहे, म्हणून ६० टक्के घट दाखवणाऱ्या नव्या जोडीवर फार वेळ घालवावा का, याचा विचार करा.

शेवटच्या मात्रेनंतर लगेच मेंदू काढू नका. किमान दोन आठवडे थांबा, शरीरात रेंगाळणारं औषध असेल तर आणखी. याची दोन कारणं आहेत. मेलेल्या सिस्टचा सांगाडा लगेच नाहीसा होत नाही, आणि घाईत मोजलात तर मेलेलेही जिवंतांत धराल. उलट लगद्यात औषध उरलं असेल तर पुढच्या चाचणीत जिवंत परजीवीही दबून राहतील.

मोजणी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच प्रयोग जिंकतो किंवा हरतो. उंदराचा मेंदू ०.४ ते ०.४५ ग्रॅमचा. पूर्ण मेंदूचा लगदा करा, मग त्याचे भाग पाडा. उजवी बाजू मोजणीला आणि डावी डीएनएला, अशी वाटणी सोयीची वाटते, पण सिस्ट मेंदूभर सारखे पसरलेले नसतात.

१ मि.लि. लगद्यातून २५ मायक्रोलिटरचे चार थेंब मोजलेत तर तुम्ही दहावा हिस्सा पाहिला. दिसलेला प्रत्येक सिस्ट म्हणजे मेंदूत सुमारे १०. चारही थेंबांत काहीच दिसलं नाही तर? नोंदवहीत ‘०’ लिहिण्याआधी थांबा. दहाव्या हिश्श्यात शून्य म्हणजे ९५ टक्के खात्रीने एवढंच सांगता येतं की मेंदूत ३० पेक्षा कमी सिस्ट असावेत. तीस सिस्ट, प्रत्येकात शेकडो परजीवी. ‘सिस्टमुक्त’ हा शब्द अशा शून्यावर उभा करू नये.

नुसत्या डोळ्यांपेक्षा रंग चांगला. सिस्टच्या भिंतीवरच्या साखरेला डोलिकॉस बायफ्लोरसचं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) घट्ट चिकटतं. त्याला हिरवं चमकणारं रसायन जोडलेलं मिळतं, आणि सिस्ट अंधारात हिरव्या कड्यांसारखे उजळतात. हे लेक्टिन कुठून येतं ठाऊक आहे? कुळथाच्या दाण्यांतून. कोकणात ज्याची पिठी भातावर घेतात, तेच हे कडधान्य. महागड्या कुपीवरचं ते लॅटिन नाव पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. एक सावधगिरी मात्र हवी: म्हाताऱ्या चेतापेशींतला पिवळट रंगद्रव्याचा कचराही आपोआप चमकतो. म्हणून न रंगवलेली एक काचपट्टी शेजारी ठेवून तुलना करा.

सोबत परिमाणात्मक पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए किती आहे ते मोजणं. बी-१ जनुकाच्या परजीवीत सुमारे ३५ प्रती असतात. ५२९ अक्षरांच्या पुनरावृत्तीच्या दोनशे ते तीनशे, त्यामुळे ती जास्त संवेदनशील. उंदराच्या एखाद्या जनुकाशी प्रमाण काढून मांडा. सिस्टची संख्या घटली पण डीएनए तितकाच राहिला, तर बहुधा सिस्ट कमी पण मोठे झाले आहेत. म्हणून व्यासही मोजा.

मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. हे शिस्तीसाठी म्हणत नाही. धूसर कडेच्या गोलाला सिस्ट म्हणायचं की नाही, हा निर्णय एका प्रयोगात शेकडो वेळा घ्यावा लागतो, आणि मन दर वेळी हवं तिकडे किंचित झुकतं.

उरलेले जिवंत आहेत का?

या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली चाचणी ती हीच. लगद्याचा ठरावीक भाग निरोगी उंदरांना द्या, चार ते सहा आठवड्यांनी प्रतिपिंडं तपासा, मग मेंदू पाहा. व्हेइकल गटाच्या लगद्याची क्रमाने पातळ केलेली मालिकाही सोबत द्या, म्हणजे लागण होण्यासाठी किमान किती सिस्ट पुरतात हे तुमच्याच हातांनी ठरेल.

दुसरी वाट उलट दिशेने जाते: उपचार झालेल्या काही उंदरांची प्रतिकारशक्ती डेक्सामेथासोनने दाबा आणि आजार उसळतो का बघा. याहून कठोर परीक्षा इंटरफेरॉन गॅमा हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन नसलेल्या उंदरांत होते. त्यांना सल्फाडायझिनच्या आधाराने जुनाट संसर्गापर्यंत आणता येतं. आधार काढला की संसर्ग पुन्हा पेटतो. तुमच्या जोडीनंतर पेटला नाही, तर त्या निकालाला वजन आहे. ही चाचणी प्राण्यांसाठी जास्त त्रासाची आहे, म्हणून मोजणी आणि लगद्याची चाचणी या दोन्हींत तावून निघालेल्या जोडीपुरतीच ती राखून ठेवा.

आकडे मांडताना

सिस्टची संख्या घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत नाही. बरेच उंदीर कमी सिस्टचे आणि दोन-चार प्रचंड, असं चित्र असतं. अशा विषम मोजणीसाठीचं निगेटिव्ह बायनोमियल हे सांख्यिकी प्रतिमान वापरा. लॉग पट्टीवर दोन औषधांच्या परस्परक्रियेचं पद म्हणजेच वर सांगितलेल्या गुणाकारापासूनचं अंतर, त्यामुळे वेगळं सूत्र शोधावं लागत नाही. कोणते उंदीर कोणत्या कारणाने वगळायचे, हे पहिल्या मात्रेआधी लिहून सही करा. शोधनिबंधात सरासरीच्या खांबाऐवजी प्रत्येक उंदराचा ठिपका दाखवा, आणि प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडावेत हे सांगणाऱ्या अराइव्हच्या २०२० च्या यादीनुसार पिंजरे, वाटणी, गळालेले प्राणी, सगळं लिहा.

जोडी चालली नाही तरी तो निकाल प्रसिद्ध करा, निदान प्रीप्रिंट म्हणून, मात्रा आणि मेंदूतल्या मोकळ्या औषधाच्या आकड्यांसह. तो न मिळाल्यामुळे दुसऱ्या कुठल्या तरी शहरात तीच जोडी पुन्हा ऐंशी उंदरांना दिली जाते. आणि उरलेला लगदा फेकू नका. उंदराचा क्रमांक, पिंजरा आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहून उणे ८० वर ठेवा. तिथे सिस्ट मरतात, पण डीएनए टिकतो, आणि परीक्षकाने सहा महिन्यांनी दुसऱ्या जनुकाचं पीसीआर मागितलं तर नव्याने एकही उंदीर लागत नाही.